कुंडींतील मिरचीचीं पानें कां आकसतात?

मिरचीचें झाड सोळाव्या शतकांत पोर्तुगीज लोकांबरोबर अमेरिकेकडून गोव्याच्या किनाऱ्यावर आलें, आणि थोड्याच पिढ्यांत तें आपल्याकडे इतकें रुळलें कीं, परसांत किंवा ओट्याच्या कडेला कुंडींत, फुटक्या माठांत, निदान तेलाच्या रिकाम्या डब्यांत मिरचीचें एखादें झाड नाहीं असें शेतकऱ्याचें घर विरळाच सांपडेल. हीं झाडें बहुधा घरांतील बायकांच्या देखरेखीखालीं असतात व शेताचा धनी त्यांजकडे सहसा लक्ष देत नाहीं. पानें आकसूं लागलीं म्हणजे “बोकड्या पडला” एवढें म्हणून तो मोकळा होतो. किंवा घरांतून फारच आग्रह झाला तर कपाशीवर मारून पंपांत उरलेलें औषध त्या झाडावर उडवून देतो. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत, व म्हणूनच या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर थोडें विस्तारानें लिहिण्याचें योजिलें आहे.

नुकसान कसें तें पाहूं. वैशाखांत रानें मोकळीं पडलेलीं असतात. त्या दिवसांत मिरचीचें हिरवें झाड गांवांत उरतें तें बहुतेक घरोघरच्या कुंड्यांतच. पांढरी माशी, फुलकिडे व कोळी यांना उन्हाळा काढावयास आसरा मिळतो तो येथें. पुढें मृगाच्या सुमारास त्याच परसांत, पाण्याची सोय जवळ म्हणून, आपण गादीवाफा करून रोप टाकतों. कुंडींतील झाड विषाणूनें पछाडलेलें असलें तर त्यावरची माशी दहावीस हातांवरील कोंवळ्या रोपांवर जाऊन बसण्यास कितीसा वेळ लागणार? रोप पस्तीस-चाळीस दिवसांचें होऊन शेतांत जातें, तेव्हां वरून तें निरोगी दिसूं शकतें. रोग त्याच्या अंगांत मुरत असतो. लागवडीनंतर ओळीच्या ओळी आकसल्या म्हणजे आपण बियाण्याच्या दुकानदारास शिव्या देतों. दुकानदार दर वेळीं निर्दोष असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याच्याकडे जाण्यापूर्वीं आपल्या ओट्यावरची कुंडी एकदां पाहावी हें बरें.

चुरडा-मुरडा, बोकड्या, कोकडा अशीं नांवें आपल्या निरनिराळ्या भागांत आहेत. पण तीं सर्व एकाच पिशवींत घालतों, आणि त्या पिशवींत तीन निरनिराळीं दुखणीं असतात. १९२० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतील जी. एस. कुलकर्णी यांनीं ‘मुरडा’ रोगाचा अभ्यास करून त्याचें मूळ डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांत आहे असें दाखविलें. पुढें फुलकिड्यांचा व पांढऱ्या माशीनें पसरणाऱ्या विषाणूचा भाग उघड झाला. तिघांचे उपाय निरनिराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यानें दुखणें वाढतें. म्हणून औषधापूर्वीं पारख.

पारख करण्यास मोठें साहित्य लागत नाहीं. दहापट मोठें दाखविणारें एक भिंग व एक पांढरा कागद पुरे. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं कुंडी उजेडांत घ्यावी आणि प्रथम एकच प्रश्न विचारावा: बिघाड कोणत्या पानांत आहे, शेंड्याकडील कोंवळ्या पानांत कीं बुडाकडील जुन्या पानांत? शेंडा आकसला असेल तर संशय किडींवर किंवा विषाणूवर घ्यावा; बुडाचीं पानें पिवळीं पडत असतील तर बहुधा माती, पाणी व खत यांत कोठें तरी चुकलें आहे. नंतर शेंड्याखालीं कागद धरून फांदी बोटानें टिचकावी व कागदावर काय पडतें आणि काय चालतें तें भिंगानें पाहावें. शेवटीं पान उलटें करून मुख्य शिरेच्या दोन्ही बाजू तपासाव्या. पानाची वरची बाजू पाहून निदान करणारा मनुष्य दाराबाहेरूनच रोग्याची नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा होय.

फुलकिडे लागले असतां पानाच्या कडा वरच्या बाजूस वळतात व पान पाण्यावर सोडलेल्या होडीसारखें दिसतें. खालच्या बाजूस शिरेलगत रुपेरी, पुढें तपकिरी होणारे ओरखडे आढळतात, कारण हा किडा पान खरवडून रस शोषतो. कागदावर तो एखाद्या मिलिमीटर लांबीच्या फिकट पिवळ्या रेघेसारखा चालतांना दिसतो. कोरड्या, तापलेल्या हवेंत त्याचें फावतें. अलीकडे त्याचा एक काळपट भाऊबंद आपल्या देशांत आला आहे. २०१५ सालीं त्याची नोंद पपईवर झाली, आणि २०२१ सालीं त्यानें तेलंगण व आंध्र प्रदेशांतील मिरचीची दाणादाण उडविली. हा फुलांत गर्दी करून बसतो व फुलें गळतात. म्हणून कुंडींतील झाडाचीं फुलेंही कागदावर झाडून पाहावीं.

कोळ्याची गोष्ट याच्या नेमकी उलट. पानाच्या कडा खालीं वळतात, म्हणजे होडी पालथी होते. देंठ लांबतो, पान अरुंद, कडक व ठिसूळ होतें आणि त्याच्या खालच्या बाजूस तांबूस-तपकिरी झांक येते. किडा मात्र दिसत नाहीं, कारण तो फुलकिड्याच्याही पांचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा असतो. भिंगांतूनही तो चकाकणाऱ्या पिवळसर कणासारखाच भासतो. त्यास दमट व उबदार हवा मानवते, तेव्हां पावसाळी झांकोळांत त्याची चाहूल ठेवावी. एक चमत्कारिक बाब अशी कीं, हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांस चिकटून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तेव्हां एका दुखण्याचें वाहन तेंच दुसऱ्याचेंही वाहन असतें, व दोन्ही दुखणीं एकाच झाडावर सांपडलीं तर आश्चर्य मानूं नये.

तिसरा प्रकार विषाणूचा. यांत पानें लहान होतात, वर वळतात, शिरा जाड होऊन मधला भाग फोडासारखा फुगतो, पेरें आंखूड पडतात व शेंडा गुच्छासारखा दिसतो. झाड खुजें राहतें आणि फळ धरलेंच तर वेडेंवांकडें येतें. ओरखडे नसतात. पान हालवितांच खालून पांढऱ्या बारीक माश्या उडाल्या तर संशय दृढ होतो. पण माश्या दिसल्या नाहींत म्हणून रोग नाहीं असें ठरत नाहीं, कारण विषाणू पोंचविण्याचें काम करून त्या निघून गेलेल्या असूं शकतात.

फुलकिड्याची होडी व विषाणूची होडी या दोन्ही वरच वळलेल्या असल्यामुळें जाणत्यासही येथें अडचण पडते. अशा वेळीं झाड इतर झाडांपासून दूर नेऊन ठेवावें, फुलकिड्यावर उपाय करावा व पुढील तीन आठवडे केवळ नवीन फुटीकडे पाहावें. जुनें वळलेलें पान पुन्हा सरळ होत नाहीं. त्याजकडे पाहून निराश होण्याचें कारण नाहीं. नवी फूट सपाट व रुंद आली तर रोग किड्याचा होता. नवी फूटही गुच्छासारखीच आली तर झाड विषाणूचें समजावें. त्यास जगांत औषध नाहीं. तें मुळासकट उपटून जाळावें किंवा खोल पुरावें. चांगल्या मिरचीचें म्हणून जपलेलें झाड असलें म्हणजे हात धजत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु तें ठेवणें म्हणजे शेजारच्या रोपांचा बळी देणें आहे.

येथें तंबाखूबद्दल दोन शब्द लिहिणें जरूर आहे. मिरची व तंबाखू हीं एकाच कुळांतलीं झाडें आहेत, आणि तंबाखूचा पानें चितारणारा विषाणू वाळलेल्या तंबाखूंतही जिवंत राहून मळलेल्या हातानें मिरचीवर जातो. पानावर फिकट व गर्द हिरव्या रंगाचे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसूं लागले तर हें दुखणें असूं शकेल. हातावर तंबाखू मळून तसाच मिरच्या तोडावयास जाणारा गडी प्रत्येक गांवांत आहे. त्यानें आधीं साबणानें हात धुवावे, आणि अशा झाडाचें बीं धरूं नये, कारण हा विषाणू बियांच्या सालीवरही राहतो. तंबाखूचा काढा करून किडींवर फवारण्याची जुनी चालही घरच्या भाजीच्या झाडापुरती सोडून द्यावी. तो काढा माणसासही विषच आहे.

आतां कुंडीचीं म्हणून जीं विशेष दुखणीं आहेत त्यांकडे वळूं. शेतांतील झाडाचें मूळ पाणी व अन्न शोधीत दूर जातें. कुंडींतल्या झाडास ती मुभा नाहीं. बुडाचीं पानें सारखीं पिवळीं पडून गळत असतील तर बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. माती चिखलासारखी ओली व आंबूस वासाची लागली तर मुळें गुदमरलीं आहेत. पाणी थांबवावें, बुडाचें छिद्र मोकळें करावें, त्यावर खापरी ठेवावी. नुसती काळी माती भरलेल्या कुंडींत हें हमखास होतें. दोन भाग तांबूस पोयट्याची माती, एक भाग कुजलेलें शेणखत व एक भाग जाड वाळू हें मिश्रण बरें. माती ठीक असून पानें फिकी पडत असतील तर अन्न सरलें आहे. रोजच्या पाण्याबरोबर खताचा अंश छिद्रांतून वाहून जातो, म्हणून बारा इंची कुंडीस महिन्यांतून एकदां मूठभर जुनें शेणखत व थोडी निंबोळी पेंड द्यावी. ताजें शेण घालूं नये. दुपारच्या उन्हांत पानें लोंबलीं व संध्याकाळीं पुन्हा ताठ झालीं तर तो रोग नव्हे. लगेच पाणी ओतण्याची घाई करूं नये.

शेंड्याचीं पानें पिवळीं व शिरा मात्र हिरव्या राहिल्या तर लोहाची उणीव समजावी. दख्खनच्या चुनखडी जमिनींत व जड पाण्याच्या विहिरींवर ही फार आढळते; लोह मातींत असतें, पण चुन्यामुळें मुळांस घेतां येत नाहीं. एक लिटर पाण्यांत ३ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळीं पानांवर फवारावें, आठ दिवसांनीं पुन्हा फवारावें. हीच खूण जुन्या पानांवर दिसली तर उणीव मॅग्नेशियमची. तेथें लिटरला ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट उपयोगी पडतें. पानांच्या कडा करपून कुंडीच्या कांठावर पांढरी पुटें चढलीं असतील तर क्षार सांचले आहेत. कुंडी विटांवर उंच ठेवून तिच्या मापाच्या तिप्पट गोडें पाणी तींतून हळूहळू वाहूं द्यावें. पावसाचें पाणी मिळाल्यास उत्तम.

ठिपक्यांचे रोग थोडक्यांत सांगतों. हिंवाळ्यांत पानाच्या खालीं पांढरी भुकटी व वर पिवळा डाग दिसला तर ती भुरी. गंधक हें तिचें औषध. पावसाळ्यांत बेडकाच्या डोळ्यासारखे, मध्यें फिकट व कडेला गर्द असे वाटोळे डाग, किंवा पाणी भरल्यासारखे काळे बारीक ठिपके पडले तर डागी पानें तोडून जाळावीं, लिटरला अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारावें आणि पाणी पानांवर न ओतां बुडाशीं द्यावें.

पानें दोरीसारखीं अरुंद होऊन पिळवटलीं, शिरा एकमेकींस समांतर झाल्या आणि कीड मात्र कोठेंच नाहीं, असें दिसलें तर पंपाची चौकशी करावी. ज्या पंपांतून २,४-डी हें तणनाशक मारलें, तोच नुसता विसळून मिरचीवर चालविला कीं हा प्रकार होतो. तणनाशकाचा पंप निराळाच असावा.

फुलकिडे, मावा व पांढरी माशी यांवर कुंडीपुरता उपाय सोपा आहे. प्रथम पाण्याच्या जोरदार धारेनें पानांची खालची बाजू धुवून काढावी. नंतर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर लिटरभर पाण्यांत भिजवून, सकाळीं फडक्यांतून गाळून, त्यांत थोडा मऊ साबण विरघळवावा आणि तो अर्क त्याच संध्याकाळीं पानांच्या खालून फवारावा. दर आठ दिवसांनीं असें तीन वेळां करावें. कपडे धुण्याची पूड वापरूं नये. तिच्यांतील सोड्यानें पानें भाजतात. फुलकिडे मातींत व पालापाचोळ्यांत कोष करीत असल्यानें कुंडींतला कचरा उचलून वरची माती हलवावी. निळा चिकट कागद फुलकिड्यास व पिवळा माशीस लावावा.

कोळ्यास यांपैकीं पुष्कळ उपाय अपुरे पडतात. त्यास पाण्यांत मिसळणारें गंधक, लिटरला ३ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतरानें दोनदां द्यावें. कडक उन्हांत गंधक मारल्यास पानें करपतात, आणि निंबोळीचा किंवा कोणताही तेलकट फवारा झाल्यावर दोन आठवडे गंधक वापरूं नये. कपाशीवरचें पायरेथ्रॉइड जातीचें औषध तर मुळींच मारूं नये. त्यानें कोळ्यांस खाणारे मित्रकीटक मरतात व कोळी मात्र उरून चौपट वाढतात. पंपांतलें उरलेलें औषध कुंडीवर उडविण्यांत दुसरी व मोठी भीति ही कीं, त्या झाडाची मिरची परवां पाट्यावर वाटली जाणार असते. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरण्यास २००५ सालीं मनाई झाली, ती कारणाशिवाय नव्हे. कोणताही फवारा करण्यापूर्वीं तोडण्यासारख्या मिरच्या तोडून घ्याव्या, आणि फवाऱ्यानंतरची पहिली तोडणी धुतल्यावांचून चुलीपाशीं नेऊं नये.

गादीवाफा करण्यापूर्वीं निदान पंधरा दिवस परसांतील प्रत्येक कुंडी वर सांगितल्या रीतीनें तपासावी. संशयित झाडें उपटावीं. निरोगी झाडेंही वाफ्यापासून दूर, शक्य तर घराच्या दुसऱ्या अंगास, वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावीं. वाफ्यावर बारीक विणीची, पांढऱ्या माशीस आंत न येऊं देणारी जाळी बांबूच्या कमानींवर ताणून चारी बाजूंनीं मातींत दाबावी, आणि रोप उपटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती काढूं नये.