परागकण : माशीचा घास आणि माणसाचे टॉनिक

मधमाशी म्हटली की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक तिचा मध आणि दुसरा तिचा डंख. ती रोज पोळ्यात तिसरीही एक वस्तू आणते, ती म्हणजे फुलांचे परागकण. त्यांच्याकडे आजवर आपले फारसे लक्ष नव्हते. अलीकडे मात्र औषधांच्या दुकानांत पिवळ्या-केशरी दाण्यांच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. शक्ती वाढते, वजन उतरते, अ‍ॅलर्जी मुळापासून जाते, अशी आश्वासने जाहिरातींतून दिली जातात. यंदा आमच्या वसतिगृहातही एक बाटली आली. तालमीत जाणाऱ्या एका मित्राने ती खुराकात भर म्हणून आणली होती. शेजारच्या खोलीतील दुसऱ्या मित्राला दरवर्षी गाजरगवताच्या फुलोऱ्यात शिंकांनी हैराण व्हावे लागते आणि कधीकधी दमही लागतो. त्याला कुणीतरी सांगितले, "रोज एक चमचा घे, शिंका कायमच्या थांबतील." मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून दोघांचाही प्रश्न माझ्याकडे आला : हा पराग खावा की खाऊ नये? त्या निमित्ताने जे वाचले आणि पाहिले, ते येथे मांडत आहे.

प्रथम पराग म्हणजे काय ते पाहू. फुलातील पुंकेसरांवर जी बारीक पूड असते ती म्हणजे पराग. वनस्पतीच्या दृष्टीने ते नरबीज वाहून नेणारे कण होत. माशी फुलात शिरली की तिच्या अंगावरील लवेला ही पूड चिकटते. मग ती पायांनी अंग झाडून पूड गोळा करते, पोटातील पिशवीतला थोडा मकरंद तिच्यात मिसळते आणि झालेला गोळा मागच्या पायांवरील खोलगट जागेत दाबून बसवते. या जागेला परागाची टोपली म्हणतात. दोन्ही पायांवर दोन गोळ्या घेऊन माशी घरी परतते. अशी एक गोळी वजनाने काही मिलिग्रॅमच असते, पण तिच्यातील कणांची संख्या लाखाच्या घरात जाते. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते, म्हणून गोळीचा रंगही बहुधा एकच असतो. सूर्यफुलाची गोळी गडद पिवळी-केशरी, तर मक्याची फिकट.

खानापूर तालुक्यात माझ्या मामांकडे सातेरी माश्यांच्या सहा पेट्या आहेत. (सातेरीला कन्नडमध्ये तुडुवे म्हणतात, आणि आपल्या आग्या माशीला हेज्जेनु.) सकाळच्या वेळी पेटीच्या दारापाशी बसले की ही रंगीत ओझी घेऊन उतरणाऱ्या माश्या सहज दिसतात. आत गेल्यावर त्या गोळ्या पोळ्याच्या घरांत टाकतात. इतर माश्या डोक्याने त्या दाबून बसवतात आणि वर मधाचा थर देतात. तेथे आंबण्याची क्रिया होऊन पराग टिकाऊ बनतो. इंग्रजीत या साठ्याला मधमाशीची भाकरी म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. मध हे माशीचे इंधन, तर पराग हे तिचे खरे अन्न. अळ्यांना पाजणाऱ्या तरुण माश्या ही भाकरी खातात, तेव्हाच त्यांच्या डोक्यातील ग्रंथींत अळ्यांसाठी पोषक रस तयार होतो. पराग संपला की नवी पिल्ले वाढवणे थांबते. परदेशी मेलिफेरा माशीची एक मोठी वसाहत वर्षाला वीस किलोहून अधिक पराग फस्त करते, यावरून त्याचे महत्त्व ध्यानी यावे.

आता माणसाच्या हाती तो कसा येतो? पेटीच्या दारात बारीक भोकांची जाळी बसवतात. भोकातून अंग चोरून आत शिरताना माशीच्या पायांवरील गोळ्या निसटतात आणि खालच्या खणात पडतात. हा व्यवसाय मुख्यतः मेलिफेरा माशीवर चालतो. ही जात आपल्या देशात 1962 च्या सुमारास हिमाचल-पंजाब भागात रुजली आणि नंतर सर्वत्र पसरली. ताज्या परागात पाण्याचा अंश बराच असतो. तो लगेच मंद उष्णतेवर वाळवला नाही किंवा थंडीत ठेवला नाही, तर त्याला बुरशी लागते. म्हणजे बाटलीतला माल चांगला की वाईट, हे माशीइतकेच वाळवणाऱ्यावरही अवलंबून असते.

परागात पोषक द्रव्ये आहेत, याबद्दल वाद नाही. फुलाफुलाप्रमाणे प्रमाण बदलते, पण साधारणपणे पाचवा हिस्सा किंवा थोडी अधिक प्रथिने असतात. बाकी मोठा भाग साखर व पिष्टमय पदार्थांचा, थोडे स्निग्ध पदार्थ, ब गटातील काही जीवनसत्त्वे आणि क्षार. ही यादी बाटलीवर छापली की छाप पडते. परंतु आमच्या पैलवान मित्राला मी यादीऐवजी हिशेब दाखवला. त्याची बाटली 125 ग्रॅमची, किंमत साडेतीनशे रुपये. रोज दहा ग्रॅमचा चमचा धरला तर बारा दिवसांत ती संपणार. सगळ्या बाटलीत मिळून प्रथिने सुमारे 25 ग्रॅम. तेवढी प्रथिने चार अंड्यांत मिळतात, किंवा शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत. त्याच्या तालमीतले वस्ताद दूध, बदाम आणि हरभऱ्याचा खुराक सांगतात, त्यापुढे हा चमचा म्हणजे दर्या में खसखस!

शिवाय खाल्लेले सारे अंगी लागते असेही नाही. परागकणाचे बाहेरचे कवच निसर्गातील अत्यंत चिवट पदार्थांपैकी एका पदार्थाचे बनलेले असते. आम्ले त्याला सहसा विरघळवू शकत नाहीत. याच चिवटपणामुळे लाखो वर्षांपूर्वीचे पराग खडकांत शाबूत सापडतात, आणि लखनौच्या बिरबल साहनी यांनी 1946 मध्ये स्थापिलेल्या संस्थेत त्यांवरून प्राचीन काळातील वनस्पतींचा अभ्यास चालतो. काही कण पोटात फुटतात, त्यांतील द्रव्य बाहेर येते. पण बरेच कण जसे गेले तसेच बाहेर पडतात. माशीच्या पोळ्यात पराग आंबवून ठेवण्याची जी सोय आहे, ती आपल्या चमच्यात नाही.

मग खेळाडूंमध्ये त्याची एवढी कीर्ती का? 1970 च्या दशकात फिनलंडच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंनी मोठे यश मिळवले. लासे विरेन याने 1972 आणि 1976 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये पाच व दहा हजार मीटरच्या शर्यती जिंकल्या. या यशाशी परागाच्या गोळ्यांचे नाव जोडले गेले आणि बाजार तेजीत आला. शास्त्रज्ञांनी मात्र कसोटी लावून पाहिली. ब्रिटनमध्ये 1982 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस किशोरवयीन जलतरणपटूंपैकी काहींना सहा आठवडे परागाचा अर्क आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी देण्यात आली. पोहण्याच्या क्षमतेत काहीच फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. सर्दी-पडशामुळे सरावाचे दिवस अर्क घेणाऱ्यांचे 4 बुडाले, तर इतरांचे 27. प्रामाणिकपणे ही बाजूही सांगितली पाहिजे. पण वीस मुलांवरच्या एका प्रयोगावर इमारत उभारता येत नाही, हेही तितकेच खरे. दोघाचौघांना ताप आला तरी असा आकडा पालटू शकतो.

आता अ‍ॅलर्जीकडे वळू, कारण खरा धोका तेथे आहे. अमेरिकेतील टॉम हार्किन नावाच्या सिनेटरांची अशी खात्री होती की परागाच्या गोळ्यांनी त्यांचा शिंकांचा विकार बरा झाला. त्यांच्या पुढाकाराने 1991 मध्ये पर्यायी औषधपद्धतींच्या संशोधनासाठी तेथील सरकारने पैसा मंजूर केला. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, त्याच देशाच्या व्यापार आयोगाने अ‍ॅरिझोनातील एका परागविक्रेत्या कंपनीवर, अ‍ॅलर्जी जाते, वार्धक्य परतते अशा खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली आणि कंपनीला दोन लाख डॉलर भरावे लागले.

अ‍ॅलर्जीवरील युक्तिवाद वरवर पटण्याजोगा वाटतो. ज्याचे वावडे तेच थोडे थोडे पोटात घालावे, म्हणजे शरीराला सवय होईल, असा तो आहे. डॉक्टरही असा उपचार करतात. पण ते आधी नेमके कशाचे वावडे आहे ते तपासतात, शुद्ध केलेले द्रव्य मोजून देतात आणि रोगी डोळ्यांसमोर ठेवतात. बाटलीतील चमच्यात कोणत्या फुलाचा किती पराग आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. दुसरे असे की, नाकाला त्रास देणारे पराग बहुधा वाऱ्यावर उडणारे असतात आणि माशी मुख्यतः फुलांत शिरून चिकट पराग आणते. म्हणजे सवय व्हायची एकाची आणि पोटात जायचे दुसरेच!

पण आपल्या भागात याहूनही एक वाकडी गोष्ट आहे. गाजरगवत (याला आपण व कन्नड बांधव दोघेही काँग्रेस गवत म्हणतो) हे सूर्यफुलाच्याच कुळातील. या कुळातील वनस्पतींच्या परागांत इतके साम्य असते की एकाचे वावडे असलेल्याला दुसऱ्याचेही होऊ शकते. मधमाशी सूर्यफुलावर तर जातेच, गाजरगवतावरही जाते. तेव्हा ज्याला या गवताचा त्रास आहे, त्याच्या पोटात चमचाभर पराग घालणे म्हणजे शत्रूला दार उघडून देणे होय. 2012 मध्ये कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अशा एका तीस वर्षांच्या स्त्रीची हकीकत छापून आली. तिला हंगामी अ‍ॅलर्जी होती. पराग घेतल्यावर तिच्या पापण्या, ओठ व घसा सुजला, अंगावर पित्त उठले आणि तातडीने अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन द्यावे लागले. अशा घटनांची नोंद 1979 पासून आढळते. म्हणजे ज्याला पराग घेण्याचा सल्ला हमखास दिला जातो, नेमका त्यालाच तो सर्वांत घातक! आमच्या शिंकणाऱ्या मित्राला मी स्पष्ट नको म्हणून सांगितले आणि त्याने ऐकले. दमेकरी, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनीही या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पराग घेऊ नये.

बाटलीत परागाखेरीज काय असते, हाही एक प्रश्न आहे. वजन उतरवण्याच्या काही परागगोळ्यांत सिब्युट्रामीन हे औषध लपवून घातलेले आढळले, म्हणून 2014 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला. हृदयाला धोका असल्यामुळे ते औषध अमेरिकेतून 2010 मध्येच मागे घेतले गेले होते. मग वजन उतरत होते ते कशाने, हे निराळे सांगायला नको. फुलांवर मारलेली कीटकनाशकेही परागातून येतात. 2010 साली उत्तर अमेरिकेत पोळ्यांतील मेण, पराग व माश्या यांचे 887 नमुने तपासले, त्यांत 121 प्रकारची कीटकनाशके व त्यांचे अंश सापडले. शिवाय ताग-खुळखुळ्याच्या जातीतील काही वनस्पतींत यकृताला बाधक अशी द्रव्ये असतात, ती परागातूनही येऊ शकतात. युरोपने 2022 पासून परागाच्या मालात त्यांवर मर्यादा घातली आहे.

शेवटी मामांची गोष्ट सांगतो. गेल्या दिवाळीनंतर एक व्यापारी त्यांच्याकडे आला आणि दारात जाळ्या बसवून पराग विकण्याविषयी बोलू लागला. भाव बरा होता. मामांनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "मामा, फुलोरा भरात असताना काही दिवसच जाळी लावली तर मोठ्या वसाहतीला ते सोसते, असे पुस्तकांत आहे, पण तुमची सातेरी लहान वसाहतीची." मामा हसून म्हणाले, "अरे, मध घेतो तेव्हा आम्ही तिचे दही-दूध घेतो. पराग घेणे म्हणजे तिच्या पोरांच्या ताटातली भाकरी उचलणे. ते आपल्याच्याने होणार नाही."

तात्पर्य, परागाची निंदा करण्याचे कारण नाही. तो एक अन्नपदार्थ आहे, औषध नव्हे. आणि अन्न म्हणूनही आपल्यापेक्षा माशीला तो अधिक उपयोगी आहे. ज्याला कसलीही अ‍ॅलर्जी नाही त्याने हौस म्हणून चमचाभर खाल्ला तर बिघडेल ते बहुधा खिशाचेच. आणि पराग आपल्या ताटात यावाच असे वाटत असेल, तर तो फुलातच राहू देणे उत्तम. माशीच्या अंगाला चिकटून तो एका फुलावरून दुसऱ्यावर गेला की सूर्यफुलाचे दाणे भरतात, भोपळा धरतो, काकडी लागते. त्या रूपाने तो आपण रोजच खात आहोत, आणि तोही बाटलीवाचून.