सळईच्या पोटात काय असतं?

जालना म्हटलं की शेतकऱ्याला बियाणं आठवतं आणि बांधकाम करणाऱ्याला सळई. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण आला की तडकतं. तो ताण सळई घेते. म्हणून ती घडते कशी, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला वाटतं.

जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात. सुमारे १६०० अंश सेल्सिअसचा रस साच्यात ओतून चौकोनी बिलेट बनतं. माझ्या मते सळईचं निम्मं भवितव्य इथेच ठरतं. पोलाद ठिसूळ करणारे गंधक आणि फॉस्फरस या भट्टीत सहजासहजी निघत नाहीत. भंगार निवडताना हयगय झाली, तर तो दोष थेट सळईत उतरतो.

तापलेलं बिलेट रुळांच्या एकामागून एक जोड्यांतून जाताना बारीक आणि लांब होतं. शेवटच्या रुळांवरच्या खाचांमुळे सळईवर उंचवटे उमटतात. काँक्रीटची पकड त्यांच्यावरच असते.

खरी करामत त्यापुढची. सुमारे १००० अंशांची लालभडक सळई पाण्याच्या जोरदार माऱ्यातून क्षणात बाहेर पडते. वरचा थर झटक्यात निवून कडक होतो, गाभा मात्र धगधगता राहतो. मग ती धग बाहेर येऊन कडक थराला शेकते आणि त्याचा ठिसूळपणा कमी करते. गाभा सावकाश निवतो, म्हणून मऊ राहतो. हीच टीएमटी सळई. पूर्वीची टॉर सळई थंड असतानाच पिळून मजबूत करत. त्यात तिची लवचिकता घटे.

भूकंपात हा गुण जीव वाचवतो. ताणली जाणारी सळई माणसांना बाहेर पडायला अवधी देते. तटकन तुटणारी देत नाही. म्हणूनच आयएस १७८६ या मानकानुसार एफई ५०० सळई तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबली पाहिजे, तर एफई ५००डी किमान १६ टक्के. ५०० हा आकडा ताकदीचा. ‘डी’ हे अक्षर लवचिकतेचं. त्यात गंधक-फॉस्फरसची मर्यादाही अधिक कडक आहे.

वजनही पाहावं. १२ मिलिमीटरची सळई मीटरमागे ०.८८८ किलो भरायला हवी; पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मानकाला चालतो. त्याहून हलकी सळई म्हणजे स्लॅबमध्ये कमी पोलाद.

आपण दुकानात किलोचा भाव विचारतो. त्याआधी आयएसआय चिन्ह आणि त्या मालाचा चाचणी दाखला मागावा. स्लॅब पडल्यावर सळई पुन्हा तपासता येत नाही.