इतुरी : फेरफारापासून खाणीपर्यंत

काँगोच्या ईशान्य टोकाला, युगांडाच्या सीमेला लागून इतुरी आहे. तिथल्या कत्तलींची बातमी आली की ‘सोन्यापायी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण 1999 च्या जूनमध्ये जुगू भागात ठिणगी पडली ती जमिनीच्या कागदांवरून.

हेमा समाज प्रामुख्याने गुरं राखणारा, लेंडू समाज शेती करणारा. बेल्जियन राजवटीने हेमांना झुकतं माप दिलं. पुढे मळेही बरेचसे त्यांच्याकडे आले. 1973 च्या कायद्याने सगळी जमीन सरकारची झाली. ती नावावर करून घेतली आणि दोन वर्षांत हरकत आली नाही, की कसणाऱ्याला हुसकायला वाट मोकळी. पण ज्याला कागदाचा पत्ताच नाही, तो हरकत घेणार कशी? काही हेमा मळेवाल्यांनी अधिकाऱ्यांचे हात ओले करून शेजारच्या लेंडूंची शेतं आपल्या हद्दीत ओढल्याचा आरोप झाला. सातबाऱ्यावरचे परस्पर फेरफार पाहिलेल्यांना हे उलगडून सांगायला नको.

एरवी असलं भांडण कोर्टकचेरीत कुजलं असतं. इथे मात्र युगांडाचं सैन्य ठाण मांडून होतं. त्याचे सेनानी जेम्स काझिनी यांनी इतुरीचा वेगळा प्रांत जाहीर करून त्यावर हेमा समाजातली गव्हर्नर नेमली. लेंडूंनी त्यातून काय समजायचं ते समजलं. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला युगांडाची शस्त्रं जात राहिली. हेमांची यूपीसी आणि लेंडूंची एफएनआय या सशस्त्र संघटना याच काळात पुढे आल्या.

सोनं आलं ते यानंतर. मोंगब्वालू हे खाणींचं गाव यूपीसीने नोव्हेंबर 2002 मध्ये घेतलं, पुढच्या वर्षी एफएनआयने हिसकावलं. मालक बदलले, खड्ड्यांत उतरणारी गरीब पोरं तशीच राहिली आणि सोनं कंपालाच्या वाटेने बाहेर जात राहिलं. अँग्लोगोल्ड अशांती या बड्या कंपनीने एफएनआयला 8,000 डॉलर दिल्याचं 2005 मध्ये कबूल केलं. त्याआधी, 24 फेब्रुवारी 2003 रोजी बोगोरो गावात सुमारे 200 माणसं मारली गेली. 1999 ते 2003 या काळातल्या बळींचा आकडा 50,000 च्या पुढचा सांगतात.

यूपीसीचा प्रमुख थॉमस लुबांगा 2012 मध्ये दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा तो पहिलाच निकाल. शिक्षा 14 वर्षं, गुन्हा 15 वर्षांखालील मुलांना लढाईत ओढल्याचा. आरोपपत्रात ना जमीन होती, ना सोनं. सोन्याचा हिशेब 2022 मध्ये दुसऱ्या न्यायालयात लागला : युगांडाने काँगोला 32.5 कोटी डॉलर द्यावेत, त्यांपैकी 6 कोटी नैसर्गिक संपत्तीच्या हानीपोटी.

तोवर जुगू पुन्हा पेटून काही वर्षं लोटली होती. 2017 च्या अखेरीपासून लेंडूंची ‘कोडेको’ ही सशस्त्र संघटना आणि पुढे तिच्याविरुद्ध हेमांची ‘झाईर’ लढू लागली. 2020 मध्ये सुटलेल्या लुबांगाला सरकारने तिथेच तडजोडीसाठी धाडलं. कोडेकोने त्याला दोन महिने ओलीस ठेवलं. 2025 मध्ये त्याने स्वतःची नवी सशस्त्र संघटना जाहीर केली.