फार्गोचे दिवस, लेखांक 9 : टाकीलाही कल्हई असते

या रविवारी आमच्या फार्गो ट्रकचा फ्यूएल पंप उघडायचं कबूल केलं होतं. नाही उघडला. कल्याणच्या एका वाचकांचा प्रश्न आडवा आला. ते विचारतात, ‘टाकी उतरवून ठेवलीय, आता ती रिकामीच आहे. मग गॅस वेल्डिंगवाल्याकडे नेऊन भोकं का बुजवू नयेत? दहा मिनिटांचं काम.’

त्या ‘रिकामीच’मधल्या ‘च’ने माझी झोप उडवली.

पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत मिसळल्यावर. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगीचीच खोटी. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत हवाच हवा. हिशेब करून पाहिला. शंभर लिटरच्या टाकीत स्फोटक मिश्रण तयार व्हायला चहाचे दोनेक चमचे पेट्रोल पुरतं. तेवढं तर सांध्यात आणि गंजाच्या पापुद्र्याखालीच दडून बसतं. वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे झाकण उघडं ठेवूनही ती आपसूक निघून जात नाही. टाकी पाण्याने भरून वेल्डिंग करणारे आहेत, पण एखाद्या कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला तर तो कोणाला दिसणार?

समजा, स्फोट झाला नाही. तरी टाकी वायाच जाते. हे मला समजावलं डोंबिवलीच्या एका काकांनी. त्यांची उमेदीची वर्षं गेली कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये आणि शेवटची वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात, जिथे 1994 नंतर प्यूजो 309 जुळवली जात होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून डॉज आणि फार्गो ट्रक बनवले. ट्रक तोच, नाकावरची पाटी वेगळी. काकांनी आमच्या टाकीचा गंज नसलेला कोपरा चिंधीने पुसला, नखाने खरवडला आणि म्हणाले, “अहो, हिला कल्हई आहे.”

खरंच आहे. त्या काळच्या बहुतेक टाक्यांच्या पोलादी पत्र्यावर शिसं आणि कथिल यांचा पातळ थर चढवलेला असे. स्वयंपाकघरातल्या पितळी पातेल्याला कल्हई, तसाच हा थर. फक्त यात शिसं असल्यामुळे पातेल्याला तो चालायचा नाही. गॅसची ज्योत तीन हजार अंशांच्या घरात. ती पत्र्याला लागली की भोक बुजतं, पण भोवतीची कल्हई जळून जाते आणि पुढच्या पावसाळ्यात जोडाच्या कडेनेच नवी भोकं पडतात. उलट डाक लावायला दोनशे-अडीचशे अंश पुरतात. शिवाय डाकही शिसं-कथिलाचाच, त्यामुळे तो या पत्र्यावर पाण्यासारखा पसरतो. जातवाले एकमेकांना धरतात, म्हणा ना! रेडिएटरवाल्या मिस्त्रींना हे काम सांगावं. मात्र धुतल्याशिवाय टाकी त्यांच्याकडेही न्यायची नाही, आणि तांब्याचं आयर्न तापवायची शेगडी टाकीपासून लांब ठेवायची.

आता धुणं. उरलेलं पेट्रोल उघड्यावर, सावलीत काढा, गटारात नाही. आमच्या टाकीतून निघालं ते आषाढातल्या उल्हास नदीसारखं तांबडं होतं आणि वास जुन्या वार्निशचा. हातमोजे घालाच. शिसं घातलेलं पेट्रोल देशभरातून बंद झालं ते 2000 साली; त्याआधीचा गाळ विषारीच समजायचा. मग कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, दोन-तीनदा. आत साखळी सोडून टाकी हिंदकळायची. काही जण नट टाकतात, पण टाकीच्या पोटात आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्यामागे नट अडकला की जन्मभर खुळखुळा. साखळीचं टोक हातात राहतं.

गंजासाठी लिंबूसत्त्व : वीस लिटर पाण्याला एक किलो, एका रात्रीपुरतं. एका रात्रीपुरतंच! माझ्या पहिल्या टाकीत ते ठेवून मी गणपतीला गावी गेलो. पाच दिवसांनी परतलो तर गंज गेला होता, आणि बराचसा पत्राही. गंज संपला की आम्ल लोखंडाकडे वळतं. सकाळी पुन्हा सोड्याच्या पाण्याने खंगाळून टाकी लगेच उन्हात वाळवायची. ओली राहिली तर तासाभरात पिवळी पडते. म्हणून हे काम मे महिन्याचं. खाडीकाठच्या ठाण्यात जुलैमध्ये टॉवेल वाळत नाही, तिथे टाकीचं काय घेऊन बसलात?

डाक लावल्यावरही एक धुणं उरतंच, कारण डाक धरावा म्हणून लावलेल्या फ्लक्सचं आम्ल सांध्यात राहिलं की सगळी मेहनत पाण्यात.

रस्त्यातच टाकी गळू लागली तर? जुने ड्रायव्हर भोकावर कपड्याच्या साबणाची वडी घासत. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे घरापर्यंत निभतं. पाऊस लागला की मात्र संपलं.

पंप पुढच्या रविवारी, नक्की. आणि कल्याणकर, तोवर ती टाकी वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. झाकण काढून, देवघरातल्या समईपासून लांब, अंगणातच राहू द्या.