मरळ माशाची ओळख आणि राखण

पावसाळ्यात तळ्याच्या काठी, गवताच्या आडोशाला, तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर येतो आणि लगेच खाली जातो, हे आपल्या भागातील पुष्कळ शेतकरी बंधूंनी पाहिले असेल. ही मरळ माशाची पिले. सीमेपलीकडील तेलुगू लोक याच माशाला कोरमेनू म्हणतात.

कारंजा, मांजरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत, तळ्यांत व ओढ्यांच्या डोहांत, संथ, उथळ, चिखलाच्या पाण्यात मरळ राहतो. त्याचे डोके सापासारखे चपटे असते. कल्ल्यांच्या वर त्याला हवा घेण्याचे खास इंद्रिय असते. त्यामुळे पाणी आटले तरी तो ओल्या चिखलात तग धरतो, आणि बाजारात जिवंत विकता येतो. मात्र जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर हाच मासा पाण्यात गुदमरून मरतो.

विणीच्या वेळी नर-मादी पाणवनस्पती बाजूला सारून गोल जागा करतात. अंडी पाण्यावर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. पुढे काही आठवडे आईबाप पिलांची राखण करतात. याच काळात राखणदार मासा गळाला लावला, तर सारा घोळका इतर माशांच्या व बगळ्यांच्या तोंडी जातो. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की पिलांजवळचा मरळ धरू नये. फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे तळ्यात धुऊ नयेत.

शेततळ्यात रोहू-कटला सोडायचे असतील, तर आधी मरळ काढून घ्यावेत. तो लहान मासे व बेडूक खाऊन जगतो. रोहू-कटल्याचे बीजही सोडत नाही.

मरळाच्या मांसात बारीक काटे थोडे व प्रथिने भरपूर. नीट शिजवून दिल्यास मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना तो चांगला.

आता दम्याविषयी. दरवर्षी मृगाच्या सुमारास हैदराबादला बथिनी गौड कुटुंबाकडून मरळाच्या जिवंत पिलाच्या तोंडात औषध घालून ते रुग्णाला गिळायला देतात. आपल्याकडूनही लोक जातात. या उपायाने दमा बरा होतो असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. कोणी श्रद्धेने गेले तरी डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप व गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत. धाप वाढली, बोलताना दम लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर मृगाची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा.