तारखेचं काम, पिढ्यांचं काम

वऱ्हाडाला जग ओळखतं ते कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा मागे टाकत नागपूरला पोचली. या घडामोडींवर पुष्कळ लिहिलं गेलं. पण कापड होऊन घरात आलेल्या त्याच कापसावर इथल्या बायांनी सुईनं काय काय केलं, याकडे अभ्यासकांचं लक्ष कमीच गेलं. हा आढावा त्या कामाचा आहे.

आज अमरावती-अकोल्यात हातानं शिवणाऱ्या किंवा भरतकाम करणाऱ्या बाईकडे एकच एक काम क्वचितच असतं. भाचीच्या रुखवताचं तोरण अर्धं झालेलं असतं, बाळंतविड्यातली कुंची बेतून ठेवलेली असते, शिवजयंतीचा अंगरखा कच्च्या टाक्यावर असतो आणि आजीच्या लुगड्याची वाकय, म्हणजे गोधडी, उन्हाळ्याची वाट पाहत असते. अशा बाईला लोक धरसोड करणारी म्हणतात. मला ते मान्य नाही. मृगाची पेरणी, आषाढ-श्रावणातलं निंदण, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी, या चक्रात सुईच्या वाट्याला वेळ तुकड्यातुकड्यांनीच येतो. मग कामंही तुकड्यातुकड्यांनीच पुढे सरकतात. कामं किती काढली, हा पहिला प्रश्न नाही. त्यांतलं कोणतं काम दरवेळी मागे पडतं, ते पाहायला हवं.

तारखेची कामं

रुखवत ही महाराष्ट्रातल्या हातकामाची सर्वांत मोठी घरगुती शाळा. क्रोशाचे रुमाल, काचमण्यांची तोरणं, भरलेले अभ्रे, आसनं हे सगळं लग्नाच्या मुहूर्तापर्यंत तयार व्हावंच लागतं. बाळंतविड्याचंही तसंच. दुपटी, झबली, टोपडी आणि कुंची बाळ येण्याआधी हवीत. बोरन्हाणासाठी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने संक्रांत ते रथसप्तमी एवढ्या दिवसांतच लागतात. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला चिमुकल्या मावळ्यांचे अंगरखे आणि जिजाऊंच्या वेशातल्या मुलींची लुगडी-चोळ्या हव्या असतात. या कामांना तारीख आहे, म्हणून ती पुरी होतात. तारीख जवळ आली की नणंद-भावजया, शेजारणी हात लावतात आणि काम मार्गी लागतं.

हंगामाची कामं

वाकय किंवा गोधडी तारीख पाळत नाही, ती हंगाम पाळते. वेचणी संपली, उन्हाळा लागला, की जुनी लुगडी आणि धोतरं धुऊन, वाळवून, थरावर थर अंथरली जातात. कडेनं धावदोरा सुरू होतो आणि ओळीमागून ओळ मध्याकडे सरकते. जाड दोरा, लांब सुई आणि दोन-तीन जणींची बैठक असली की काम पळतं.

या साध्या टाक्याला वऱ्हाडात फार मोठा मान मिळाला आहे. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेले गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेलं वस्त्र अंगावर घालत. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. वापरून विरलेल्या कापडाला दुसरं आयुष्य देणारी ही शिलाई त्यांनी आयुष्यभर मिरवली. वऱ्हाडाच्या पेहरावाचा इतिहास लिहिताना राजेरजवाड्यांच्या जरीइतकीच जागा या ठिगळांच्या वस्त्राला द्यायला हवी.

तांड्यावरची सुई

वऱ्हाडातलं सर्वांत समृद्ध भरतकाम बंजारा तांड्यांवरचं आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा हा समाज रेल्वे आल्यावर हळूहळू स्थिरावला. १८७१ च्या कायद्याआधारे त्याच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. तो पुसायला १९५२ साल उजाडलं. एवढ्या उलथापालथीतही बायांनी फेटिया, काचळी आणि टुकरी टिकवली. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, काचळी म्हणजे पाठीवर बंदांनी बांधायची चोळी आणि टुकरी म्हणजे ओढणी. यांवर आरसे, कवड्या, मणी, नाणी आणि रंगीत कापडाचे तुकडे जडवलेले असतात.

हे काम टप्प्यांनी होतं. आधी जाड सुती कापडाचे तुकडे जोडायचे, मग धावदोऱ्यानं घट्ट भरायचं, त्यावर साखळी टाका आणि काजटाका घालायचा, मग आरसे बसवायचे आणि शेवटी कवड्या ओवायच्या. आरसा चिकटवत नाहीत. आधी त्याच्यावरून आडवे-उभे धागे ताणतात आणि त्या धाग्यांतून कडेनं टाका गुंफतात. कामाचे असे टप्पे असल्यामुळे एक बाई एका तुकड्यावर आरसे बसवते, दुसऱ्याचा धावदोरा सासूकडे असतो आणि कवड्यांची चुंबळ मुलगी ओवत असते.

बंजारा समाजाचं तीर्थ असलेली पोहरादेवी १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होती. आता ती वाशीम जिल्ह्यात आहे. संत सेवालाल महाराजांच्या या समाधिस्थळी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण संग्रहालय झालेलं काम जपतं. नवं काम तांड्यावरच्या हातांनाच करावं लागतं. कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये हंपीला जी-२० बैठकीच्या वेळी साडेचारशेहून अधिक महिलांच्या हातच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून तिथल्या कारागिरांनी विश्वविक्रम केला. त्याच समाजाच्या आपल्या तांड्यांनाही अशी संघटित साथ मिळायला हवी.

तारीख नसलेलं काम

जुने पेहराव मूळ बेतानं पुन्हा शिवणं हे पिढ्यांचं काम मात्र नेहमी मागे पडतं, कारण त्याची तारीख कुणी ठरवत नाही. मिरवणुकीतला अंगरखा दुरून पाहायचा असतो, म्हणून तो चकचकीत कृत्रिम कापडाचा आणि मागे चेन लावलेला शिवला तरी भागतं. खरा अंगरखा बंदांवर बसतो, त्याच्या काखेत वेगळा तुकडा घालतात आणि घेर कळ्यांतून काढतात. हातमागाच्या अरुंद पन्ह्यातला तसूभर तुकडाही वाया जाऊ नये, हे त्या बेतण्यामागचं शहाणपण. बाराबंदी आणि खणाची चोळीही याच हिशेबानं बेतलेली असते.

पेहरावाच्या अशा अभ्यासाला जगात मान आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नोल्ड यांनी संग्रहालयांतले जुने कपडे मोजून त्यांच्या बेताचे आराखडे काढले. १९६४ पासून निघालेली त्यांची पुस्तकं जगभरचे वेशभूषाकार अजून उघडतात. वऱ्हाडातल्या ट्रंकांमधल्या चोळ्या आणि काचळ्यांचे असे आराखडे काढायला फक्त टेप, कागद आणि पेन्सिल लागते.

कामं सांभाळण्याची रीत

अनेक कामं हाती असताना माझा आग्रह एकच आहे. मोठी कामं एका वेळी तीनच असावीत: एक तारखेचं, एक हंगामाचं आणि एक पिढ्यांचं. तारखेचं दुसरं काम आलं तर नम्रपणे नाही म्हणावं. मापं आणि बेतणं ही डोक्याची कामं निवांत सुटीच्या दिवशी, बारीक भरतकाम सकाळच्या उजेडात, आणि धावदोरा, हातशिलाई संध्याकाळी. प्रत्येक कामाची पिशवी वेगळी ठेवावी. तीत दोऱ्याची लडी, कापडाचा तुकडा, मापं आणि पुढचा टाका कुठून घ्यायचा याची चिठ्ठी असावी. नवं सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावं, लाल-काळ्या दोऱ्याचा रंग फुटतो का ते पाहावं. जुन्या सुती वस्त्राला सुतीच दोरा वापरावा, कृत्रिम दोरा विरलेल्या कापडाला कापतो. भरलेलं वस्त्र घडी घालण्यापेक्षा गुंडाळून ठेवावं.

काम करून घेणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. तांड्यावरच्या किंवा गल्लीतल्या कारागीर बाईला टप्प्याटप्प्यानं पैसे द्या. काम टप्प्यांनी होतं, तर मोबदलाही टप्प्यांनीच मिळायला हवा. मग पैशाच्या ओढीनं तिला चांगलं काम अर्धवट ठेवून स्वस्तातलं हाती घ्यावं लागणार नाही.

या दिवाळीला घरातली एक जुनी चोळी, अंगरखा, कुंची किंवा काचळी ट्रंकेतून काढा. तिची मापं कागदावर उतरवा, टाके जवळून पाहा, ती कुणी शिवली आणि कोणत्या गावात, ते त्याच कागदावर लिहा. आणि तशीच एक नवी शिवायची तारीख आजच ठरवा.