मध्येच गणिताची रीत बदलली तर

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी फेरफटका मारलात तर एका ओसरीवर तेलुगू, दुसरीवर मराठी आणि पलीकडच्या वळणावर कन्नड ऐकू येते. अशाच एका गल्लीतले यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीची वही घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगी दुसरीपर्यंत तेलुगू माध्यमात शिकली, तिसरीत त्यांनी तिला मराठी शाळेत घातले. दिवाळीपर्यंत तिच्यावर शिक्का बसला, की हिला गणित येत नाही. वहीत लाल शाईच्या फुल्याच फुल्या. बापाच्या तोंडचा प्रश्न एवढाच होता, "सर, मी पोरीचं नुकसान केलं का?"

वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. बाईंनी 'बहात्तर' सांगितले तेथे मुलीने २७ लिहिले होते. 'पस्तीस' सांगितले तेथे ५३. चुका होत्या खऱ्या, पण त्या वेड्यावाकड्या नव्हत्या, एकाच साच्यातल्या होत्या. मी तिला तेलुगूत आकडे म्हणायला लावले, तर शंभरापर्यंत घडाघडा म्हणून दाखवले, बेरजाही तोंडी केल्या. म्हणजे गणित जागेवर होते. कान आणि हात यांच्यामधला धागा तेवढा उलटा ओवला गेला होता.

याचे कारण आपल्या भाषेत आहे. तेलुगूत बहात्तरला 'डेब्बै रेंडु' म्हणतात, म्हणजे सत्तर आणि दोन. कन्नडातही तसेच. जे आधी बोलायचे तेच आधी लिहायचे. मराठीत मात्र आपण 'बहात्तर' म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि सत्तर मागून, पण लिहिताना सात आधी आणि दोन नंतर. शिवाय एकोणीस, एकोणतीस पासून एकोणनव्वदपर्यंत आठ आकडे असे आहेत, की ज्यांचे नावच वजाबाकीतून झाले आहे. 'एकोणतीस' ऐकल्यावर कानाला 'तीस' लागतो आणि लिहायचा असतो वीसच्या घरातला आकडा! आपण लहानपणीच हे घोकले म्हणून आपल्याला त्याचे काही वाटत नाही. दुसऱ्या रीतीतून येणाऱ्या मुलाला विचारून पहा.

हा प्रश्न केवळ भाषा बदलणाऱ्या मुलांचा नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले आणि त्यात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असे वाचनही दिलेले होते. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे असे, की जोडाक्षरांनी भरलेली नावे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले सुरुवातीलाच बिचकतात. केवढा गदारोळ उठला तेव्हा! विधानसभेत थट्टा झाली, वर्तमानपत्रांत मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. मला स्वतःला 'त्रेसष्ट' हा शब्द प्रिय आहे, तो जावा असे मुळीच वाटत नाही. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणी फारशी बोलले नाही. 'साठ तीन' ही रीत आमच्या शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातली कन्नड घरे आणि सोलापूरची तेलुगू घरे रोज बोलतात, आणि त्यांचे हिशेब काही चुकत नाहीत.

नॉर्वे देशाने तर १९५१ साली सरकारी निर्णयानेच ही उलटापालट केली. तोपर्यंत तेथेही एकक आधी बोलत. टेलिफोनचे क्रमांक सांगताना घोटाळे होत, म्हणून शाळेत आणि सरकारी कामकाजात दशक आधी बोलायचे ठरले. मुले नवे शिकली, घरची वडीलधारी माणसे कितीतरी वर्षे जुनेच बोलत राहिली. आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, तेव्हा पावकी-निमकी आणि आणे-पैचे हिशेब पाठ केलेली पोरे वर्गात बसलेलीच होती.

आता खरी अडचण कोठे येते ते सांगतो. आकड्यांच्या नावांचा घोटाळा निदान दिसतो तरी. वजाबाकीचा घोटाळा दिसत नाही.

बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. आजचे पुस्तक सांगते : दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाच दशकांतले एक दशक सोडा. त्याचे दहा सुटे आणि आधीचे दोन मिळून बारा. बारातून सात गेले, राहिले पाच. वर उरलेल्या चार दशकांतून दोन गेले, राहिले दोन. उत्तर २५. आजोबांची रीत वेगळी : बारातून सात गेले पाच, हातचा एक. तो हातचा खालच्या दोनात मिळवला, झाले तीन. पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच, २५. आजोबांचेही बरोबर आहे. त्यांनी वर दहा मिळवले आणि खालीही दहा मिळवले. दोन माणसे एकाच फळीवर उभी राहिली तर त्यांच्या उंचीतला फरक बदलत नाही, तसे हे आहे.

पण दिवसा शाळेत पहिली रीत आणि रात्री घरी दुसरी, असे झाले की मूल काय करते? पाचाचे चार करते, कारण गुरुजींनी सांगितले. खालच्या दोनाचे तीनही करते, कारण आजोबांनी सांगितले. चारातून तीन गेले एक. उत्तर १५. शिक्षकमित्रांनो, हातच्याच्या वजाबाकीत मुलाचे उत्तर नेमके दहाने कमी येत असेल तर त्याला ढ म्हणण्यापूर्वी घरी कोण शिकवते ते विचारा. तेथे दोन बरोबर रीती एकमेकींत अडकल्या असण्याचा संभव फार.

मग पालकांनी काय करावे? प्रथम, नवे पुस्तक उघडण्याआधी जुने पुस्तक काढावे आणि मुलाला खरोखर काय येते ते पहावे. मागच्या वर्षीचे पुस्तक संपले होते यावरून काही कळत नाही. त्यानंतर हाताशी काही तरी द्यावे. कडब्याच्या काड्या सारख्या तोडून दहा-दहाच्या जुड्या सुताने बांधाव्यात. सोलापुरात सुताला तोटा नाही. नाहीतर दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्यावीत आणि म्हणावे, "यातले सत्तावीस रुपये मला दे." सात रुपये द्यायचे तर एक नोट मोडावी लागते हे मूल आपणहून सांगते. दशक सोडणे म्हणतात ते हेच. मग कागदावर मांडायला कितीसा वेळ लागणार?

आणखी एक, सगळे एकदम बदलू नये. त्या मुलीच्या बाबतीत आकड्यांची खूणसुद्धा बदलली होती. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा, ही अडचण नावांच्या अडचणीवर बसली होती. म्हणून आम्ही वजाबाकी काही दिवस बाजूलाच ठेवली. आधी आकड्यांच्या खुणा, मग नावे. मी 'बहात्तर' म्हणायचे, तिने सात जुड्या आणि दोन काड्या उचलायच्या, आणि मगच लिहायचे. पाढे तिने तेलुगूत म्हटले तर म्हणू दिले. तीन पाचे पंधरा हे कोणत्याही भाषेत पंधराच होतात. त्यासाठी पोरीची जीभ कशाला धरायची?

घरच्या वडीलधाऱ्यांना मात्र एक विनंती करावी लागते, आणि ती जरा जड जाते. मुलाचा पाय नव्या रीतीत स्थिर होईपर्यंत आपली रीत आवरून धरावी. आजोबांनी हिशेब तपासावा, गुणाकार विचारावेत, बाजारात भाव करताना नातवाला सोबत न्यावे. फक्त हातचा तेवढा आपल्यापाशी ठेवावा.

त्या मुलीला सावरायला पावसाळा उजाडला. चौथीत आल्यावर तिच्या बापाने पुन्हा वही आणून दाखवली. फुल्या होत्या, पण आता त्या इतर मुलांच्या असतात तशाच होत्या. गणित मांडताना ती अजूनही ओठांतल्या ओठांत आधी 'डेब्बै रेंडु' म्हणते, मग ७२ लिहिते आणि बाईंना मोठ्याने 'बहात्तर' सांगते.